फुल-आर्च इम्प्लांटसाठी फोटोग्रामेट्री: आठ महिने वापरल्यावर

एक-दोन इम्प्लांट (हाडात बसवलेली दाताची कृत्रिम मुळं) किंवा छोटा ब्रिज असेल तर इंट्राओरल, म्हणजे तोंडात फिरवायच्या, स्कॅनरने मला आजवर दगा दिलेला नाही. दात नसलेला अख्खा जबडा (फुल-आर्च) आला की मात्र त्याची गडबड होते. तो छोटी छोटी चित्रं एकमेकांना जोडत पुढे सरकतो, आणि दोन स्कॅन बॉडींच्या (इम्प्लांटची जागा कळावी म्हणून त्यावर बसवलेल्या खुंट्यांच्या) मध्ये असते नुसती गुळगुळीत, ओली, हलणारी हिरडी. जुळवायला खूणच सापडत नाही. प्रत्येक जोडात जराशी चूक, ती दुसऱ्या टोकापर्यंत साठत जाते. स्क्रीनवर सगळं देखणंच दिसतं!

एका केसमध्ये हे अंगाशी आलं. खालच्या जबड्याचा बार, म्हणजे सगळ्या इम्प्लांटना जोडणारी पट्टी, ठेवला, डाव्या टोकाचा एकच स्क्रू आवळला, तर उजवीकडे प्रोबचं टोक शिरेल एवढी फट. सगळे स्क्रू आवळले असते तर ती दिसलीच नसती. ताण मात्र स्क्रूवर आणि हाडावर राहिला असता, कारण इम्प्लांटला दातासारखं लिगामेंट नसतं. फिटसाठी 150 मायक्रॉनची मर्यादा बऱ्याचदा सांगितली जाते; ही फट त्याच्या कितीतरी पुढची होती. बार कापला, तोंडातच जोडून घेतला आणि लॅबला परत पाठवला.

त्यानंतर फोटोग्रामेट्री घेतली. तोंडाबाहेर धरलेला कॅमेरा स्कॅन बॉडींवरचे ठिपके एका नजरेत टिपतो आणि इम्प्लांटची एकमेकांच्या संदर्भात जागा काढतो. हिरडीवरून चित्रं जोडत जायची भानगडच नाही. मी एकाच पेशंटचे तीन-तीन स्कॅन एकमेकांवर ठेवून पाहिले. इंट्राओरलच्या फाइली शेवटच्या इम्प्लांटपाशी फाकतात, फोटोग्रामेट्रीच्या जवळजवळ एकावर एक बसतात. अर्थात तीनदा तेच उत्तर आलं म्हणजे ते बरोबरच, असं नाही. तीनदा एकसारखं चुकताही येतं.

तक्रारी आहेत. यात हिरडी येत नाही, म्हणून इंट्राओरल स्कॅन वेगळा करून दोन्ही फाइली जुळवाव्या लागतात. तिथे निष्काळजीपणा केला की इम्प्लांट बरोबर आणि हिरडी भलतीकडे. तिरपे इम्प्लांट जवळ असले की स्कॅन बॉडी एकमेकांना भिडतात. ठिपक्यांवर ओरखडा चालत नाही. आणि किंमत, ती नकोच काढायला.

इंट्राओरलच असेल तर स्कॅन बॉडी एकमेकांना जोडून घ्या, बराच फरक पडतो. ओपन ट्रेमध्ये (वरून उघड्या साच्यात) कोपिंग, म्हणजे मापासाठी इम्प्लांटवर बसवायचे तुकडे, रेझिनने बांधून घेतलेलं जुनं इम्प्रेशनही अजून तोडीस तोड आहे, फक्त रेझिन आकसतं म्हणून कापून पुन्हा जोडायचा कंटाळा करायचा नाही.

प्लास्टरची जिग मी अजून सोडलेली नाही; मोजलेल्या जागांवरून बनवलेली ही पट्टी तोंडात स्क्रूने बसवून बघायची, जागा चुकली असेल तर ती वाकत नाही, तडकते. दोन महिन्यांपूर्वी तिसरा स्क्रू आवळताना ती टचकन तडकली. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. एका स्कॅन बॉडीखाली हिरडीची कड चेपली गेली होती आणि कॅमेऱ्याने ती उचललेली जागाच इमानदारीने मोजली होती. आता स्कॅनआधी प्रत्येक स्कॅन बॉडी नीट बसलीय का, याचा एक्स-रे काढते.