कापडी ग्रो बॅग: मुळं खूश, पाणी घालणारा वैतागलेला

आधी निकाल सांगून टाकते. कुंडीत टोमॅटो लावायचा असेल आणि घरात रोज पाणी बघणारं कोणी असेल, तर ही पिशवी जरूर घ्या. नसेल, तर साधी प्लॅस्टिकची कुंडी बरी. सोबत आलेल्या कागदावर अर्ध्याच गोष्टी लिहिल्यात आणि त्यातली एक तर सरळ चुकीची आहे, म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू.

मी घेतली ती 20 लिटरची, काळी, जाड आणि न विणलेल्या कापडाची. घेताना एक बघा: हिरव्या-निळ्या एचडीपीईच्या पिशव्याही ‘ग्रो बॅग’ या नावानंच विकतात. त्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या असतात, पाणी जायला खाली भोकं असतात, पण बाजूंनी हवा फारशी खेळत नाही. टिकायला त्या चांगल्या, पण मी इथे ज्या फायद्याबद्दल लिहितेय तो त्यांच्यात मिळणार नाही.

फायदा मुळांचा आहे. प्लॅस्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला टेकलं की वळतं आणि कडेकडेनं गोल फिरत राहतं. जुनं झाड उपटलं की कुंडीच्या आकाराचं मुळांचं जाळं हातात येतं ते त्यामुळेच. कापडाजवळची माती हवेशीर आणि कोरडी असते, तिथं पोचलेल्या मुळाचं टोक सुकतं आणि मग मागच्या बाजूला बारीक फुटवे फुटतात. शेंडा खुडल्यावर झाड बाजूनं फुटतं, तोच प्रकार मातीखाली. हंगाम संपल्यावर मी एक पिशवी कात्रीनं उभी कापून बघितली. कडेला गोल फिरलेली मुळं जवळपास नव्हतीच, आणि मधल्या मातीतही पांढऱ्या बारीक मुळांची दाट जाळी होती. मुळं गोल फिरत नाहीत हा कंपनीचा दावा खरा आहे.

आता रोप हलवण्याबद्दल. इथे पिशवीचा मऊपणा भलताच कामी येतो, आणि कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही! पिशवीची कड बाहेरून दुमडून अर्ध्यावर आणायची, निम्मीच माती भरायची आणि रोप खोल लावायचं. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे खालची पानं काढून पहिल्या चांगल्या पानांपर्यंत खोड गाडलं तरी चालतं, उलट फायदाच होतो. रोप वाढेल तशी कड उलगडत जायची आणि वरून माती घालत जायची. टणक कुंडीत हे केलं तर लहानगं रोप भिंतीच्या सावलीत उजेड शोधत बसतं. मिरचीला मात्र हा खोल गाडण्याचा प्रयोग करू नका, ती ट्रेमध्ये जेवढी खोल होती तेवढीच ठेवा.

बाकी पुनर्लागवडीचे नेहमीचे नियम आहेतच. आठवडा-दहा दिवस रोपाला हळूहळू ऊन दाखवायचं, हलवण्याआधी काही तास ट्रेला पाणी द्यायचं म्हणजे मुळांचा गोळा फुटत नाही, आणि लावायचं संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी रोपानं माना टाकल्या तरी घाबरून पाण्याचा मारा करू नका. सकाळी ते ताठ दिसलं, तर जीव धरतंय म्हणून समजा. खत तेव्हा देऊ नका, नवी पालवी दिसली की मग.

आता वैताग. पाणी. कापडाच्या चारही बाजूंनी ते उडून जातं, आणि भर उन्हाळ्यात फळं धरलेल्या झाडाला मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा झारी घेऊन उभी असायची. त्यातून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेली माती एकदा पूर्ण सुकली की आक्रसते, पिशवीच्या भिंतीपासून सुटते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ जमिनीवर. वरून बघणाऱ्याला वाटतं भरपूर पाणी झालं, आत बोट घातलं तर कोरडं ठक्क. उपाय एवढाच की पाणी एका वेळी तीन टप्प्यांत, थांबत थांबत घालायचं आणि वर वाळलेल्या पानांचं चांगलं चार बोटं आच्छादन ठेवायचं.

हे मी एवढं ताणून का सांगतेय? तर टोमॅटोच्या बुडाला तो काळा, चामड्यासारखा डाग पडतो ना, त्यासाठी. जो तो अंड्याची टरफलं टाकायला सांगतो. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच, पण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाण्याची ओढाताण झाली की फळापर्यंत पोचत नाही. टरफलं कुजून उपयोगी पडेपर्यंत हंगाम आटोपलेला असतो. माझ्याकडे आच्छादन घातल्यावर पुढच्या घोसांना डाग आला नाही.

पिशवीवर बाहेरून पांढरी पुटं चढतात, ती बहुधा पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांची. दिसायला घाण, पण काळजीचं कारण नाही. ब्रशनं निघतात.

आता ती चुकीची गोष्ट. ‘रोप मोठं झाल्यावर पिशवीतून अलगद काढून जमिनीत लावता येतं’ असं छापलंय. अलगद? बारीक मुळं कापडाच्या धाग्यांत शिरून बसलेली असतात, ओढलं की तुटतात. काढायचंच झालं तर पिशवी कापावी लागते. बाजूला वेल्क्रोची पट्टी असलेला प्रकारही मिळतो, पण त्याच्या फटीतून पाण्याबरोबर माती गळते. माझं मत विचाराल तर कापडी पिशवी हे रोपाचं शेवटचं घर समजावं. मधला मुक्काम छोट्या कपात किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत करावा.

आणि हँडल! शिलाई एकेरी आहे. पाणी प्यायलेली 20 लिटरची पिशवी किती जड होते याचा विचार शिवणाऱ्यानं केलेला दिसत नाही. माझ्या एका पिशवीचं हँडल सरकवतानाच उसवलं. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून पिशवी आधी जागेवर, लाकडी फळ्यांच्या घडवंचीवर ठेवते आणि मगच माती भरते. खालून हवा लागते, फरशीवर डागही पडत नाहीत. पुढच्या खेपेला बिनहँडलच्याच घेणार आहे, नाहीतरी भरल्यावर त्या उचलायच्या नाहीतच.