आधी चाल की आधी शब्द? नाट्यपदे लिहायला बसणाऱ्यासाठी

नव्या संगीत नाटकाची पदे लिहायला घेतली की पहिला निर्णय संगीतकाराबरोबर बसण्याआधीच करावा लागतो: त्याच्याकडून चाल घेऊन तीवर शब्द बसवायचे, की पद पुरते लिहून त्याच्या हाती द्यायचे. मी दोन्ही रीतींनी लिहिले आहे आणि दोन्हींतून तालमीत उभी राहिलेली पदे ऐकली आहेत. साकी आणि दिंडी या जुन्या ठरीव वृत्तांचा प्रश्न येथे सोडून देतो, कारण तेथे मात्रांचा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) साचा आणि गाण्याची धाटणी दोन्ही आधीच ठरलेली असतात.

शब्द आधी लिहिण्याचा मोठा फायदा हा की संवाद जेथे थांबतो तेथूनच पद उचलता येते आणि पात्राच्या बोलण्याची लय तुटत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाची काळजी मिटते. चालीवर लिहिताना लांबवलेला स्वर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येतो, 'मन'चे 'मना' होते, किंवा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'ला', 'चा' अशा प्रत्ययावर पडते आणि अर्थाचा शब्द आधीच निसटून गेलेला असतो. हा त्रास खरा आहे आणि तो मी पुष्कळ सोसला आहे. तरीही जुन्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या आधीच्या गाण्याची ओळ दिलेली दिसते, हे विसरता येत नाही. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून (१८८०) आपली मूळ रीत हीच आहे. देवलांच्या 'शारदे'ची (१८९९) भाषा घरातल्या बोलण्याइतकी सरळ आहे, तेव्हा चालीच्या बंधनामुळे भाषा अवघडतेच असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर रिचर्ड रॉजर्स या एकाच संगीतकाराने लॉरेन्झ हार्टला बहुधा आधी चाली दिल्या आणि ऑस्कर हॅमरस्टाइनकडून बहुधा आधी शब्द घेतले. दोन्ही जोड्या गाजल्या, म्हणून एक रीत निखालस चूक आहे असा माझा दावा नाही.

माझा निर्णय एका तालमीत झाला. त्या नाटकाची सगळी पदे मी आधी लिहून दिली होती. पहिल्या अंकात सावकाराचे पद होते: 'व्याज वाढते झोपेमध्ये'. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून गेल्यावर आईचे पद होते: 'दार उघडले, आत न कोणी, दिवा एकटा जळत राहिला'. चहाच्या सुट्टीत ऑर्गनवर बसलेल्या वादकाने सावकाराची चाल धरली आणि सहज आईचे शब्द तीवर म्हटले. एकही अक्षर न बदलता संपूर्ण पद बसले. मी घरी जाऊन सगळी पदे मोजली. जवळजवळ प्रत्येक ओळ आठ-आठ अशा सोळा मात्रांची, पादाकुलक या वृत्ताची होती. कागदावर एकटा बसलो की माझा हात त्याच चालण्यात पडतो, आणि मग सावकार, आई, मुलगा सगळे माझ्याच पावलांनी चालू लागतात. संगीतकाराने राग बदलले, ताल बदलले, तरी ओळीचे मूळ चालणे त्याला बदलता आले नाही. ही एक गोष्ट मला इतकी खुपली की पुढच्या नाटकापासून मी रीत बदलली.

त्याआधी आईचे ते पद पुन्हा लिहावे लागले. या वेळी संगीतकाराने रूपक तालात, म्हणजे तीन-दोन-दोन अशा सात मात्रांत, एक चाल दिली. 'दार उघडले' त्यात बसेना. दोन दिवसांनी ओळ आली: 'दार उघडे, आत कोणी'. सात आणि सात मात्रांत तालाची दोन आवर्तने, म्हणजे दोन फेरे, भरली आणि वाक्य अपुरे राहिले. 'नाही' हा शब्द पुढच्या आवर्तनाच्या समेवर गेला, 'ना' दीर्घ असल्याने तेथे लांबवताही आला. आत कोणीतरी आहे असे क्षणभर वाटते आणि मग ते नाही असे कळते, हे त्या बाईच्या मनात जसे घडते तसेच ऐकणाऱ्याच्या कानात घडू लागले. कागदावर मला ही ओळ सुचली असती असे वाटत नाही.

ज्याचा हात मुळातच अनेक वृत्तांत मोकळा फिरतो, त्याला कदाचित शब्दांपासून सुरुवात करणे अधिक मानवेल. ज्या पदातून कथानकाचा तपशील सांगायचा असतो, तेथे मीही आजही आधी शब्दच लिहितो. एरवी मात्र प्रवेश वाचून दाखवतो, पात्र त्या क्षणी काय लपवते आहे ते सांगतो आणि चाल मागतो. ती हाती आली की पहिल्यांदा तीत कोणते स्वर लांबतात ते आकडे घालून लिहून ठेवतो, आणि त्या जागांसाठी दीर्घ अक्षरांचे शब्द आधी शोधतो.