डावं मनगट: सपाट की मागे मोडलेलं?

गोल्फ उजव्या हाताने खेळत असाल तर फटका बसतो त्या क्षणाचं डावं मनगट बघा. ते सपाट असेल तर हात चेंडूच्या पुढे असतात, क्लबचा (गोल्फच्या काठीचा) दांडा लक्ष्याकडे झुकतो, आयर्नच्या, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या, तोंडाचा तिरका कोन कमी होतो आणि चेंडू कमी उंचीवरून, जोरात निघतो. अमेरिकन गोल्फपटू डस्टिन जॉन्सन तर मनगट तळहाताच्या बाजूला वाकवतो. २०१६ ची यूएस ओपन त्याने तशीच जिंकली.

मनगट मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे, मोडलं की क्लबचं तोंड वर बघतं, चेंडू उंच जातो आणि लांबी मार खाते.

ओहोटीला गुहागरच्या ओल्या वाळूवर एक रेघ ओढा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. सपाट मनगटाचा ओरखडा रेघेच्या पुढे उमटतो. मोडलेलं मनगट रेघेच्या आधीच वाळू उकरतं, नाहीतर वरूनच निघून जातं. दुपारी खारा वारा सुटला की हा फरक फारच जाणवतो: समोरच्या वाऱ्यात उंच चेंडू जागीच अडतो, खालचा कापत जातो.

आयर्नसाठी माझं मत ठाम आहे, सपाटच. बंकरमधून, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू अलगद उचलायचा असेल तेव्हा मात्र मोडलेलं मनगट कामाला येतं. तिथे चेंडूमागची वाळूच तर मारायची असते.