हेड घासावे की दुसरा कार्बोरेटर बसवावा?

शेव्हरोलेच्या 1937 साली आलेल्या 3.5 लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाची ताकद वाढवायची, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सहज होणारे काम म्हणजे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, खालून घासून घेणे. त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल-हवेचे मिश्रण जितके पट दाबले जाते ते प्रमाण, साडेसहावरून साडेसातवर नेल्यास सैद्धांतिक हिशेबाने सुमारे 5 टक्के फायदा होतो आणि आजचे पेट्रोल ते सहज पेलते. परंतु या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) ओतीव बॅबिट, म्हणजे मऊ मिश्रधातूच्या, बेअरिंगना तेल मुख्यतः शिंपडूनच मिळते, त्यामुळे ती झिजलेली असताना वाढीव दाब त्यांच्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. एकाच कार्बोरेटरवर टोकाच्या सिलिंडरांना मिश्रण पातळ मिळते. प्लग काढून ओळीने मांडले, की कडेचे पांढरट आणि मधले काळसर दिसतात. दुसरा कार्बोरेटर ही विषमता कमी करतो. सोबत एक्झॉस्टही पुढच्या व मागच्या तीन सिलिंडरांत विभागावा, कारण सिलिंडर पेटण्याच्या 1-5-3-6-2-4 या क्रमात दोन्ही गट आळीपाळीने, समान अंतराने धूर सोडतात, आणि तो आवाज कानाला फार सुखावतो. दोन्ही कार्बोरेटरांची जुळवणी मात्र चिकाटीची आहे.

कार्बोरेटरचा लाभ महामार्गावर, इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावर जाणवतो. करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना हवी असते ती कमी फेऱ्यांवरची ओढ, आणि तिथे घासलेले हेडच उपयोगी पडते. म्हणून बेअरिंग ठणठणीत असतील, तर मी आधी घासण्यासाठी हेडच उतरवीन.