देवराई आणि भट्टी: ‘प्रिन्सेस मोनोनोके’चा संगीतसंच

जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या संगीताविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते, त्यात ‘मनाला शांत करणारे’ हे विशेषण ठरलेले असते. संगीतकार जो हिसाइशी यांच्या पियानोवरील काही रचनांपुरते ते खरेही आहे. परंतु ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या १९९७ च्या चित्रपटाचा संगीतसंच त्या अपेक्षेने ऐकायला घेणाऱ्याची दुसऱ्या रचनेलाच फसगत होईल, कारण हे अस्वस्थ माणसाने लिहिलेले, पुष्कळदा भयाण आणि काही ठिकाणी जाणूनबुजून रुक्ष ठेवलेले संगीत आहे. माझ्या मते हिसाइशी यांच्या चित्रपटसंगीतातले हे सर्वांत प्रौढ काम आहे. ते तसे का, हे सांगताना त्यातले दोषही सांगावे लागतील.

हिसाइशी आणि दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची जोडी १९८४ च्या ‘नौसिका’पासूनची. चित्रपट पुरा होण्याच्या कितीतरी आधी, दिग्दर्शकाची टिपणे आणि रेखाटने समोर ठेवून हिसाइशी एक स्वतंत्र ‘इमेज अल्बम’ रचतात, आणि चित्रपटाचे संगीत त्या बीजांतून पुढे वाढते. या चित्रपटाचा इमेज अल्बम १९९६ मध्येच आला होता. चित्रपट प्रदर्शित झाला १२ जुलै १९९७ रोजी, आणि टोकियो सिटी फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने वाजवलेला मूळ संगीतसंच त्याच्या काही दिवस आधी बाजारात आला. ३३ रचना, एकूण कालावधी साधारण ६५ मिनिटे. इतका दीर्घ विचार मागे असल्यामुळे यातील सूर प्रसंगाच्या मागून धावत येत नाहीत. प्रसंग घडण्यापूर्वीच ते तिथे वस्तीला आलेले असतात.

पहिली रचना ‘आशिताकाची आख्यायिका’ दीडएक मिनिटाची आहे. खालच्या पट्टीतले, जमिनीखालून आल्यासारखे आघात, त्यावर तंतुवाद्यांचा दबलेला कंप, आणि मग एकदम उघडणारी ती रुंद, उदास धून. त्या धुनेत जपानी लोकसंगीताची वळणे आहेत आणि मांडणी मात्र युरोपीय सिंफनीची आहे. असे मिश्रण सहसा पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखे ऐकू येते. येथे तसे होत नाही, कारण धून पुरती फुलण्याआधीच आवरती घेतली जाते आणि ऐकणाऱ्याला ती आणखी हवी असतानाच दुसरी रचना अंगावर येते. शापग्रस्त रानडुकराच्या, म्हणजे ‘तातारिगामी’च्या हल्ल्याची ही रचना पावणेचार मिनिटांहून लांब आहे. पितळी वाद्ये, आघातवाद्ये आणि तंतुवाद्यांचे तुटक, वळवळणारे स्वर यांचा येथे असा कल्लोळ आहे की, पडद्यावर त्या जनावराच्या अंगावरून लवलवणारे काळे किडे न पाहताही अंगावर शहारा यावा. त्यानंतरच्या ‘पश्चिमेकडील प्रवासा’त गाव कायमचे सोडून निघालेल्या आशिताका या तरुणाचा निरोप आहे. सुरुवात इतकी हलकी आहे की तो निरोप चोरून घेतला जात आहे हे कळते, आणि नंतर वाद्यवृंद त्याच्यापुढे मुलुख पसरत जावा तसा पसरतो.

हा संगीतसंच कोकणात बसून ऐकताना मला जी गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती अशी की, हे संगीत कोणाचीही बाजू घेत नाही. कथेत एकीकडे प्राचीन वनातील देव आहेत आणि दुसरीकडे एबोशी नावाच्या बाईने उभारलेली लोखंड गाळण्याची भट्टी आहे. भट्टीला कोळसा आणि वाळूतले लोह हवे, त्यासाठी डोंगर उघडे पडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकाला हा तंटा समजावून सांगावा लागू नये. येथे गावोगावी देवराया आहेत. त्यांतली वाळलेली फांदीही देवाला गाऱ्हाणे घातल्यावाचून उचलू नये असे मानणारी माणसे आहेत. आणि याच जिल्ह्यांत रेडीसारख्या ठिकाणी लोहखनिजाची खाण आहे, जिच्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. देवराईला देव आणि खाणीला राक्षस ठरवणारे संगीत सोपे गेले असते. असल्या कथांतून कारखान्याला कर्कश बिगूल आणि जंगलाला बासरी दिली, की प्रेक्षकाला विचार करावा लागत नाही.

हिसाइशी तो मार्ग नाकारतात. ‘एबोशी गोझेन’ ही या बाईच्या नावाची रचना भारदस्त आहे, जवळजवळ मायेची आहे. जिने कुष्ठरोग्यांना आश्रय दिला आणि वेश्यागृहांत विकलेल्या बायकांना सोडवून कामाला लावले, तिचा आब त्या सुरांत राखला आहे. बंदूक तिच्याच हातात आहे आणि वनदेवाच्या मुळावर उठलेली तीच आहे, हे ठाऊक असूनही संगीतकार तिच्यावर निकाल देत नाही. त्याच्यापुढची ‘तातारा स्त्रियांचे श्रमगीत’ (तातारा म्हणजे लोखंडाची भट्टी) ही रचना तर वाद्यवृंदाला बाजूला सारून भट्टीचा भाता पायांनी तुडवणाऱ्या बायकांच्या कंठांवर उभी आहे. गळे तयारीचे नाहीत, सुरांची घोटाई नाही, आणि म्हणूनच त्या गाण्यात कष्टाची अकड आणि स्वतःच्या कमाईचा ताठा दोन्ही उतरले आहेत. उलट बाजूला वनाचे संगीत गोग्गोड नाही. ‘कोदामा’ या वृक्षात्म्यांच्या रचनेत खट्याळपणा आहे, पण ही इवलीशी मंडळी आपल्याला वाट दाखवीत आहेत की वाट चुकवीत आहेत, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. राखणदाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला ही संदिग्धता आवडेल.

शीर्षकगीताविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. शब्द मियाझाकी यांचे, चाल हिसाइशी यांची आणि गायक योशिकाझु मेरा. मेरा हे काउंटरटेनर, म्हणजे स्त्रीच्या पट्टीत गाणारे पुरुष गायक आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना गाणारी व्यक्ती स्त्री वाटते, आणि तसे नाही हे कळल्यावर काही जण ‘असे का’ म्हणून विचारतात. दशावतारात लुगडे नेसलेला पुरुष सीता होऊन रंगमंचावर उभा राहिला की पहाटेपर्यंत त्याला सीताच मानणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. चित्रपटात हे गीत लांडग्यांच्या गुहेतल्या रात्रीच्या प्रसंगी येते, आणि तिथल्या मोरो या लांडगीणआईला आवाज दिला आहे तोही अकिहिरो मिवा या पुरुष कलावंताने. माणसांत वाढलेली नाही आणि लांडगीणही नाही अशा सान या मुलीची कथा सांगताना आवाजही कोणत्याच एका कप्प्यात न बसणारा निवडला गेला, ही निवड मला या संपूर्ण कामातली सर्वांत धीट वाटते. गीत अगदी छोटे आहे. ताणलेली प्रत्यंचा, तिच्यावर उतरलेले चांदणे, धारदार पाते, एवढ्याच प्रतिमा. मेरा यांनी त्यात कुठेही कंप लांबवून भाव खाल्लेला नाही.

संगीताची ही काटकसर संपूर्ण संचात आहे. चित्रपट १३३ मिनिटांचा आणि संगीत ६५ मिनिटांच्या आसपास, म्हणजे जवळपास अर्धा चित्रपट संगीताविना चालतो. आपल्याकडील मालिकांत पात्राने दार उघडले तरी तीन वाद्ये वाजतात. त्या सवयीने पाहणाऱ्याला पहिल्यांदा येथे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. वनदेव शिशिगामी अवतरतो तेव्हा नगारे झडत नाहीत. त्याच्या पावलांखाली फुले उमलतात आणि कोमेजतात, ती डोळ्यांनी पाहायची असतात. संगीतसंच नुसता ऐकताना मात्र या विरामांचा लाभ मिळत नाही, आणि येथूनच त्याच्या उणिवा सुरू होतात.

पहिली उणीव तुकड्यांची. ३३ पैकी कित्येक रचना एका मिनिटाच्या आत संपतात. दृश्याच्या गरजेपुरते लिहिलेले हे तुकडे दृश्यावाचून अर्धवट राहतात. कान लागतो न लागतो तोच पुढचा तुकडा सुरू होतो. दुसरी उणीव पुनरुक्तीची. ‘तातारिगामी’ तीनदा, ‘रेक्विएम’ (मृतांसाठीचे शोकसंगीत) तीनदा, ‘मृतांचे जग’ दोनदा, ‘जीवनमरणाचा अडाजिओ’ (संथ लयीची रचना) दोनदा. यांतला प्रत्येक पुनरुच्चार चित्रपटात सार्थ आहे. सलग ऐकताना मात्र उत्तरार्धाचा मधला भाग जड होतो. युद्धाच्या रचनांविषयीही माझे मत तितकेसे अनुकूल नाही. ‘युद्धाचे ढोल’ भव्य आहे, परंतु शिमग्यात ढोलाच्या शेजारी उभे राहून वाढलेल्या कानांना तो मोजूनमापून मारलेला आघात जरा सभ्य वाटेल, आणि भट्टीपुढच्या लढाईचे संगीत कोणत्याही बऱ्या ऐतिहासिक चित्रपटाला चालले असते. जेथे हिसाइशी सेनेसाठी लिहितात तेथे ते कुशल आहेत. जेथे एकट्या माणसासाठी किंवा झाडासाठी लिहितात तेथे त्यांच्यासारखे दुसरे कोणी नाही.

याचा दाखला म्हणजे एकतिसावी रचना, ‘आशिताका आणि सान’. एवढ्या सगळ्या विध्वंसानंतर येथे पियानो एकटा सुरू होतो. धून इतकी साधी की पेटी शिकणाऱ्या मुलालाही बसवता यावी, आणि तिच्याखालून वाद्यवृंद इतक्या सावकाश वर येतो की तो नेमका कधी सामील झाला हे ध्यानात येत नाही. उघड्या पडलेल्या डोंगरांवर पुन्हा हिरवळ धरू लागते त्या दृश्याचे हे संगीत आहे. त्यात विजय नाही, समेटही अपुराच आहे, कारण कथेतील दोघे एकमेकांवर प्रेम असूनही एकत्र राहणार नाहीत. हिसाइशी यांच्या ‘शांत’ रचनांच्या ज्या याद्या सर्वत्र फिरत असतात, त्यांत ही रचना नेहमी असते. माझी विनंती अशी की, ती एकटी उचलून ऐकू नये. आधीचा तासभराचा काळोख ओलांडून आल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

ज्यांना तुकडेबाजी सहन होत नाही त्यांच्यासाठी १९९८ मध्ये निघालेली सिंफनिक सूट, म्हणजे वाद्यवृंदासाठी सलग बांधलेली रचनामाला, ही आवृत्ती आहे. मारिओ क्लेमेन्स यांच्या संचालनाखाली चेक फिलहार्मोनिकने ती वाजवली असून, हिसाइशी यांनी सगळे सूत्र आठ भागांत नव्याने बांधले आहे. वादन अर्थातच अधिक सफाईदार, तंतुवाद्यांचा पोत अधिक दाट. सलग ऐकण्यासाठी हीच घ्यावी असे कोणीही सांगेल. तरीही मी मूळ संचाच्या बाजूने आहे, कारण सूटमध्ये भट्टीवरच्या बायका नाहीत आणि मेरा यांचा आवाजही नाही. त्यांच्यावाचून उरते ते उत्तम सिंफनिक संगीत, पण तंट्यातला एक पक्षच गैरहजर राहतो. १९९६ चा इमेज अल्बम सिंथेसायझरवर बराच विसंबलेला आहे आणि तो केवळ अभ्यासकांनी ऐकावा. २०२३ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत हिसाइशी यांनी मियाझाकी यांच्या चित्रपटांतील निवडक संगीताचे जे ध्वनिमुद्रण केले, त्यातही या चित्रपटाचा भाग आहे; परिचयापुरते ते पुरेसे आहे.

ऐकावे कसे, याविषयी दोन शब्द. असले संगीत कोकणच्या पावसात ऐकावे असा एक रोमँटिक सल्ला नेहमी दिला जातो, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. कौलांवर किंवा, त्याहून वाईट, पत्र्यांवर आषाढसरी कोसळत असताना पहिल्या रचनेतले खालचे आघात आणि ‘पश्चिमेकडील प्रवासा’तली हलकी तंतुवाद्ये ऐकूच येत नाहीत, आणि आवाज वाढवून ठेवावा तर रानडुकराच्या हल्ल्याला घरातली माणसे दचकून उठतात. दिवाळीनंतरची कोरडी, निवांत रात्र यासाठी योग्य. मोबाइलच्या स्पीकरवर ढोलांचा तळ संपूर्ण नाहीसा होतो, म्हणून बरे हेडफोन आवश्यक आहेत. ऑनलाइन सेवांवर स्टुडिओ जिब्लीचे, म्हणजे हा चित्रपट काढणाऱ्या संस्थेचे, संगीत २०२० पासून उपलब्ध आहे. तेथे ऐकताना रचना उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोय बंद करावी, आणि एका रचनेचा शेवट दुसरीच्या आरंभात मिसळणारी सोयही बंद करावी, नाहीतर आधीच तोकडे असलेले तुकडे आणखी तोकडे होतात. नेटवर्क रुसण्याची शक्यता असलेल्या गावी संच आधीच उतरवून ठेवलेला बरा.

२०२० मध्येच या संगीताच्या नव्या ग्रामोफोन तबकड्याही निघाल्या. वेष्टणावरचे चित्र सुंदर आहे आणि मोह होतो. परंतु जपानहून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मूळ किमतीवर चढते, आणि आपल्या हवेत चार महिने कपाटात राहिलेल्या पुठ्ठ्याच्या वेष्टणाला बुरशी धरतेच. सीडी मिळाली तर ती घ्यावी. तबकडी घेणाऱ्याने कपाटात दिवा लावून ठेवण्याची तयारीही करावी.