१९७१ ची ‘विक्रांत’: आराखडा, छायाचित्र की इतिहासग्रंथ?

भारताची पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत हिची १/७०० प्रमाणातली प्रतिकृती करायला घेणाऱ्याने किटचा खोका उघडण्याआधीच आपल्याला कोणत्या सालची विक्रांत हवी आहे, हे ठरवावे. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झालेली, डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढलेली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झालेली नौका एकच असली, तरी तिचे रूप एकच राहिले नाही. त्यामुळे एखादे साधन अस्सल असूनही आपल्या कामापुरते दिशाभूल करणारे ठरू शकते. पुढची तुलना १९७१ ची विक्रांत करू पाहणाऱ्यासाठी आहे.

मापांच्या बाबतीत आराखड्याला तोड नाही. सुमारे २१३ मीटरची नौका या प्रमाणात साडेतीस सेंटिमीटरची होते, म्हणजे एका मिलिमीटरची चूक प्रत्यक्षात सत्तर सेंटिमीटरची असते. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे ब्रिटिश युद्धनौकांच्या आराखड्यांचा मोठा संग्रह आहे. मात्र १९४५ मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने जलावतरण झाले, तेव्हाच्या रचनेत धावपट्टी सरळ होती. तिरकी धावपट्टी आणि वाफेवर चालणारा कॅटापल्ट (विमानाला झटक्याने वेग देऊन उडवणारे यंत्र) भारताने १९५७ मध्ये नौका विकत घेतल्यानंतर बेलफास्टच्या गोदीत बसवले गेले. म्हणून मूळ आराखडा नौकेच्या तळाच्या आकारासाठी प्रमाण मानावा, डेकसाठी नव्हे. (किटमधल्या माहितीपत्रकाला मी सर्वांत खालचे स्थान देतो, ते भाग जोडण्यापुरते ठीक.)

डेकसाठी तारीख ठाऊक असलेले छायाचित्रच हवे. छायाचित्राखालच्या ओळीवर विसंबू नये, कारण युद्धावरच्या लेखाला साठच्या दशकातले चित्र सहज जोडले जाते. साल ताडण्याच्या खुणा चित्रातच असतात: डेकवर सी हॅरियर विमान दिसले तर चित्र १९८३ च्या आधीचे असू शकत नाही, आणि पुढच्या टोकाला वर उचललेला स्की जंप (विमानांच्या उड्डाणासाठीचा चढ) दिसला तर ते त्याहूनही उशिराचे, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या दुरुस्तीनंतरचे असते. आपल्याला सी हॉक आणि अलिझे विमाने असलेला सपाट डेक हवा आहे. मुंबईत नौका संग्रहालय म्हणून उभी असताना मी स्वतः काढलेली छायाचित्रे मला सर्वांत विश्वासार्ह वाटली होती. त्यांवरून विमानविरोधी बोफोर्स तोफा बसवल्या आणि पुढे कळले की युद्धाच्या काळात त्या जास्त होत्या, नंतर कमी केल्या गेल्या. स्की जंप वगळायचे सुचले, तोफा मोजायचे नाही.

इतिहासग्रंथ मापे देत नाही, पण चित्रात न दिसणारी गोष्ट सांगतो. व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानी यांचा १९६५ ते १९७५ या काळावरचा ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या दृष्टीने मोलाचा आहे. युद्धाच्या वेळी विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते आणि तिच्या वेगावर मर्यादा आली होती. नौका समुद्राच्या देखाव्यात बसवणाऱ्याने ही माहिती नाळेपाशी (नौकेच्या पुढच्या टोकापाशी) उसळणाऱ्या लाटेला रंग लावण्याआधी वाचावी. पूर्ण वेगाने पाणी कापणारी विक्रांत त्या डिसेंबरात नव्हतीच. एकाच साधनावर पैसे खर्च करायचे असतील, तर मी तारखेची छायाचित्रे निवडेन आणि दुसऱ्यासाठी ग्रंथ. आराखड्याचा खर्च तळाचा आकार स्वतः घडवणाऱ्यानेच करावा.

गोव्यातले नौदल विमान संग्रहालय खास पाहायला जावे का, हे प्रमाणावर अवलंबून आहे. १/७०० मध्ये सी हॉक पावणेदोन सेंटिमीटरचे होते, तेवढ्यासाठी प्रवास नको. १/७२ मध्ये तेच विमान एकटे करणाऱ्याला मात्र चाकांची खोबण, पंखांच्या घड्या आणि पत्र्यांचे सांधे तिथे हाताच्या अंतरावर पाहता येतात. रंगछटा तेवढी तिथून घेऊ नये. उघड्यावर ठेवलेल्या विमानांना वेळोवेळी नवा रंग द्यावा लागतो.