ग्रेट्झ्कीचे पहिले कार्ड: ओ-पी-ची घ्यावे की टॉप्स?

आइस हॉकीची जुनी कार्डे जमवणारा माणूस कधी ना कधी कॅनडाचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झ्की याच्या 1979-80 च्या रुकी कार्डापाशी, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या अधिकृत कार्डापाशी, येतोच, आणि तेथे त्याला निवड करावी लागते. त्या हंगामात हे कार्ड दोन कंपन्यांनी काढले: कॅनडातील ओ-पी-ची आणि अमेरिकेतील टॉप्स. दोन्हींवरील छायाचित्र तेच, निळी चौकट तीच आणि क्रमांकही 18 हाच आहे.

फरक कळतो तो कार्ड हातात घेतल्यावर. ओ-पी-चीची कार्डे तारेने कापली जात असल्यामुळे त्यांच्या कडा खडबडीत राहत. कार्ड आडवे धरून उजेडात पाहिले तर कागदाचे बारीक तंतू बाहेर आलेले दिसतात. नवख्याला हा दोष वाटतो, परंतु जाणकार तो मुद्दाम शोधतात. टॉप्सची कड स्वच्छ आहे. ओ-पी-चीच्या मागील बाजूचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत आहे, टॉप्सचा केवळ इंग्रजीत. निळी चौकट मात्र दोन्हींना सारखीच छळते, कारण कोपरा जरासा घासला गेला की आतला पांढरा कागद लगेच उघडा पडतो.

किमतीत ओ-पी-ची बरेच पुढे आहे. कार्डे तपासून त्यांना दर्जा देणाऱ्या पीएसए या संस्थेने 10 हा सर्वोच्च दर्जा दिलेल्या ओ-पी-ची कार्डाला डिसेंबर 2020 मध्ये 12.9 लाख डॉलर आणि मे 2021 मध्ये 37.5 लाख डॉलर मिळाले. सामान्य संग्राहकाला या आकड्यांशी कर्तव्य नाही, पण समान दर्जाच्या टॉप्स कार्डासाठी कमी पैसे लागतात, हे त्याने ध्यानात ठेवावे.

एवढी किंमत कशासाठी, याचे उत्तर कारकिर्दीत आहे. कार्ड निघाले तेव्हा अठरा वर्षांच्या या मुलाच्या नावावर एनएचएल या उत्तर अमेरिकेतील प्रमुख आइस हॉकी लीगमधील कामगिरी नव्हतीच. एडमंटन ऑइलर्स संघ त्याच वर्षी त्या लीगमध्ये आला होता. पहिल्याच हंगामात ग्रेट्झ्कीने मार्सेल डिऑन या खेळाडूइतकेच 137 गुण (गोल आणि गोलाला केलेले साहाय्य यांची बेरीज) मिळवले, मात्र गोल अधिक असल्याने सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक डिऑनला मिळाला. त्यानंतर ग्रेट्झ्कीचे 1981-82 मध्ये 92 गोल, 1985-86 मध्ये 215 गुण, एडमंटनबरोबर चार स्टॅनले कप (एनएचएलची विजेतेपदे), ऑगस्ट 1988 मध्ये लॉस एंजेलिसच्या संघात झालेली आणि अवघ्या कॅनडाला चटका लावून गेलेली रवानगी, आणि 1999 मध्ये निवृत्त होताना 894 गोल व 2857 गुण. गोलांचा विक्रम एप्रिल 2025 मध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किनने मोडला. गुणांच्या विक्रमाजवळ अजून कोणी पोचलेले नाही.

माझे मत ओ-पी-चीच्या बाजूने आहे, मग त्यासाठी एक-दोन पायऱ्या खालचा दर्जा पत्करावा लागला तरी चालेल, कारण एडमंटनच्या खेळाडूचे कॅनडात छापलेले कार्ड त्याच्या कहाणीच्या अधिक जवळचे आहे. ज्याला स्वच्छ, देखणे कार्ड बेताच्या खर्चात हवे आहे, त्याने टॉप्स निःशंकपणे घ्यावे. बनावट प्रती मात्र दोन्हींच्या फिरतात. विश्वसनीय संस्थेने तपासून सीलबंद केलेलेच कार्ड घ्यावे. सुटे घ्यायची वेळ आली तर नावाची अक्षरे भिंगाखाली पाहावीत. ती सलग शाईऐवजी ठिपक्याठिपक्यांनी बनलेली दिसली, तर व्यवहार तेथेच थांबवावा.